श्रावणबाळचे पैसे "पडलेत" म्हणतात, पण तांड्यावरच्या म्हाताऱ्यांच्या हातात येईनात. कुठं शोधायचे?

वस्तीचा मास्तर:

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तांड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. चौथीपर्यंतची शाळा आहे. प्रश्न शाळेचा नाही, पण तांड्यावर कागद वाचता येणारा माणूस म्हटलं की मास्तर, म्हणून तो माझ्याच ओट्यावर येऊन बसतो.

दसरा-दिवाळी उरकली की निम्म्याहून जास्त तांडा ऊसतोडीला निघून जातो. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या जिवावर ठेवलेली लेकरं. या घरांची चूल श्रावणबाळ नाहीतर संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या 1500 रुपयांवर आणि रेशनवर चालते. बँक खाली, घाट उतरून. हंगामात माणसंच नसतात म्हणून टमटमही भरत नाही. भरली तर जाण्यायेण्यात आणि एक चहा-भजीत शंभर-दीडशे जातात, आणि बँकेत गेल्यावर "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

सध्या माझ्यापुढं तीन माणसं आहेत.

शाळेच्या भिंतीला लागून राहणारी एक याडी (तांड्याच्या बोलीत आई, इथं म्हातारी). तिच्या पासबुकात पूर्वी दर दोन-तीन महिन्याला एंट्री दिसते, आणि मग एकदम बंद. तहसीलला विचारलं तर "पैसे पडलेत, बँकेत बघा." बँकेत विचारलं तर "आमच्याकडं आले नाहीत, तहसीलला बघा." नाव यादीतून कटलेलं नाही, एवढं मी स्वतः बघून आलोय.

दुसरे एक आजोबा. खात्यावर पैसे आहेत, पण अंगठा उमटत नाही. जन्मभर कोयता धरलेला हात आहे, रेषा राहिल्यात कुठं त्यावर.

तिसरी एक विधवा बाई, वय चाळिशीचं. बाजाराच्या गावात एका दुकानात अंगठा लावून पैसे काढते. दुकानदार 1500 मागं 50 रुपये कापून घेतो, पावती देत नाही. तिला बोललो तर म्हणते, "देतो हेच उपकार, बँकेत कोण उभं करतंय."

तर विचारायचं असं, की याडीचे पैसे शोधायचे कुठं? आणि महिन्यातून एकदा कुणी तांड्यावर येऊन पैसे देईल अशी सोय होते का? सरपंच म्हणतात, "गावात बँकेचा पॉइंट आहे की." गाव खाली आहे. तांडा वर आहे. कागदावर दोन्ही एकच.

—

लातूरकर:

आधार सीडिंग चेक करा, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते. 99 टक्के तेच असतं.

—

बीसी सखी, धारूरकडची:

लातूरकर दादांचं बरोबर आहे, पण एवढ्यावर गुरुजींना काही कळायचं नाही, म्हणून जरा पसरून लिहिते.

मी बचत गटातून बीसी सखी झाले, म्हणजे बँकेच्या वतीनं गावात पैसे देणारी-घेणारी. करोनाच्या आधीपासून अंगठ्याचं मशीन घेऊन बसते. 2020 च्या एप्रिलपासून तीन महिने जनधनच्या बायकांच्या खात्यावर पाचशे-पाचशे आले होते. तेव्हा आमच्या ओसरीवर जी गर्दी उसळली ती बघून रस्त्यानं जाणारे विचारायचे, घरात कार्य आहे का काय. तेव्हापासून याडीसारख्या केसेस रोजच्याच.

आधी याडीचं. तिचे पैसे बुडालेले नाहीत. बहुतेक ते दुसऱ्याच खात्यात जाऊन बसायलेत. पूर्वी तहसीलमधून लाभार्थ्यांची यादी बँकेत जायची आणि यादीतल्या खाते नंबरावर पैसे जमा व्हायचे. डिसेंबर 2024 पासून संजय गांधी आणि श्रावणबाळ दोन्ही डीबीटीवर गेलं, म्हणजे सरकारकडून थेट लाभार्थ्याच्या खात्यावर. आता तुमचा खाते नंबर कुणी बघत नाही, आधार नंबर बघतात. तो आधार कोणत्या बँकेशी जोडलाय ते एनपीसीआय नावाच्या संस्थेच्या मॅपरमध्ये लिहिलेलं असतं. तिथं एका आधारला एकच बँक बसते, आणि ज्या बँकेनं सगळ्यात शेवटी जोडलं तिचं नाव राहतं. खाती चार असू द्या, सरकारी पैसा त्या एकाच ठिकाणी उतरणार. म्हणून तहसीलवाला "पडलेत" म्हणतो तेही खरं आणि बँकवाला "आले नाहीत" म्हणतो तेही खरं. दोघांना एकमेकांसमोर बसवणारा कुणी नाही, एवढीच काय ती गंमत.

दुसरं खातं आलं कुठून? 2024 चा पावसाळा आठवा. लाडकी बहीणचे फॉर्म चालू होते, गावोगावी शिबिरं लागली होती. सून खातं काढायला गेली, संगं सासू गेली. दोघींचे अंगठे घेतले, दोघींची खाती निघाली. सासूला वाटलं सुनेची साक्षीदार म्हणून अंगठा घेतला. शिबिरातच कशाला, नवीन सिम घेतानाही असं झालेलं आहे. 2017 साली लोकांची गॅसची सबसिडी त्यांना पत्ता नसताना एका मोबाईल कंपनीच्या पेमेंट बँकेत गेली होती, मोठा गवगवा झाला होता त्याचा.

तर याडीच्या घरात बघा. पत्र्याच्या पेटीत, पिठाच्या डब्यामागं, देवाच्या फळीवर, कुठंतरी एखादं नवीन कार्ड किंवा चौकोनी ठिपक्यांचं क्यूआर कार्ड असेल. पोस्टाच्या पेमेंट बँकेचं असंच कार्ड असतं, बायका ते आधार कार्डाच्या पिशवीत ठेवतात. सापडलं तर काम झालंच म्हणा. नाही सापडलं तर आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून एक पान आहे, तिथं बँकेचं नाव दिसतं. पण त्याला आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, आणि याडीचा मोबाईल म्हणजे उसाच्या फडात असलेल्या लेकाचा. त्याला फोन लावा, ओटीपी विचारा, शेजारी याडीला बसवून ठेवा म्हणजे त्यालाही संशय यायचा नाही. तेही जमलं नाही तर बँकेच्या शाखेत मॅपर बघता येतो. "सीडिंग आहे का" असं विचारू नका, "आहे" म्हणून मोकळे होतात. "हे आधार सध्या कोणत्या बँकेला मॅप आहे, तेवढं नाव सांगा" असं विचारा. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि मॅपरमध्ये त्या बँकेचं नाव असणं वेगळं. अर्धे घोटाळे इथंच आहेत.

दुसऱ्या खात्यात पैसे सापडले तर ते काढून घ्या. आणि पुढचे जुन्या बँकेतच यावेत असं याडीला वाटत असेल तर त्या बँकेत आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरून द्या, "दुसऱ्या बँकेतून इकडं वळवा" या खान्यात खूण करा आणि पोचपावतीवर शिक्का घ्या. मॅपरमध्ये कोणतीच बँक चालू दिसत नसली तर पैसे परत फिरलेत. मग सीडिंग करून त्याचा कागद तहसीलच्या संजय गांधी विभागात अर्जासोबत द्या. तिथं आधारवरचं नाव आणि यादीतलं नाव जुळतंय का तेही बघून घ्या. आमच्याकडं आधारवर एक नाव, रेशनवर दुसरं, यादीत तिसरं, आणि जन्म मात्र सगळ्यांचा 1 जानेवारीचा!

आता आजोबांचा अंगठा. गुरुजी, अंगठ्याच्या मागं लागूच नका, माणसाला बोटं दहा आहेत. कोयत्याच्या मुठीला जे बोट कमी लागतं ते आधी धरायचं. माझ्याकडं बऱ्याच जणांची अनामिका चालते, काहींची करंगळी. आधी कोमट पाण्यानं हात धुवायला लावते, तंबाखू-चुन्याचा हात असला तर साबणानं. मग कोरडा पुसायचा आणि ते बोट एकदा कपाळावरून किंवा केसातून फिरवायचं. अंगचं जेवढं तेल लागतं तेवढ्यानं रेषा उठतात. बाटलीतलं तेल लावलं की काच बरबटते आणि पुढच्या चौघांचे अंगठे येत नाहीत. मशीनची काच पुसलेली पाहिजे आणि मशीनवर ऊन पडता कामा नये. उन्हात बसून अंगठे घेणारे लोक बघितले की मला हसू येतं आणि रागही येतो. "आजोबा, दाबू नका, नुसतं ठेवा" हे मी दिवसभर म्हणत असते. जोर लावला की रेषा पसरतात.

इतकं करून उमटलं नाही तर आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्यानं घ्यायला लावा, त्यानं पुष्कळांचं काम होतं. आणि तेही नाहीच झालं तर शाखेत पासबुक आणि विड्रॉल स्लिप घेऊन जायचं. मशीन अंगठा ओळखत नाही म्हणून माणसाला त्याचेच पैसे नाहीत असं कुठं लिहिलेलं नाही. आजारी, म्हाताऱ्या, अपंग खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर कागदावर घ्यायचा, त्यातला एक बँकेचा माणूस, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. 70 वर्षांवरच्यांना आणि अपंगांना घरपोच सेवा द्यावी असंही तिनं 2017 मध्ये बँकांना सांगितलेलं आहे. ते तुमच्या तांड्यापर्यंत येतील असं मी म्हणत नाही, पण काउंटरवर हे वाक्य शांतपणे बोललात तर निदान खुर्ची मिळते.

तिसऱ्या ताईंचं ऐकून डोकं तापलं. उपकार कसले? बीसीला ग्राहकाकडून पैसे घ्यायला परवानगी नाही, आम्हाला कमिशन बँक देते. ते टक्क्याच्याही आतलं असतं हे खरंय, त्यावर कुणी माडी बांधत नाही. तरी 1500 मागं 50 म्हणजे वर्षाचे सहाशे झाले, महिन्याचं मीठ-मिरची-तेल झालं. त्या ताईंना एवढं शिकवा: आधी शिल्लक विचारायची. मग किती काढायचे ते आपल्या तोंडानं सांगायचं. मग बोट ठेवायचं, पैसे मोजायचे आणि शिल्लक दाखवणारी पावती मागायची. वाचता येत नसलं तरी पावती घ्यायची, घरी लेकरू वाचेल. आणि दुकानदार "आला नाही, परत लावा" म्हणाला की न आल्याची पावती आधी मागायची. पहिल्यांदा आलेला असतो, दुसऱ्यांदाही येतो, आणि हातात एकदाचेच पडतात, असले प्रकार होतात. मिनी स्टेटमेंट काढलं की शेवटचे व्यवहार दिसतात, तिथं चोरी लपत नाही. कधी खरोखरच नेटवर्कनं घोळ होतो, खात्यातून कटतात आणि हातात येत नाहीत. ते पाच दिवसांत परत आले पाहिजेत, त्यापुढं दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. तक्रार आपलं खातं ज्या बँकेत आहे तिथं लेखी द्यायची. महिनाभरात उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, 14448 वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

एक मात्र सांगते. जूनच्या सुमाराला खात्यातून 20 रुपये कटलेले दिसले तर लगेच चोर चोर ओरडू नका, तो अपघात विम्याचा हप्ता असतो. 436 कटले तर तो दुसरा, जीवन विमा. आपण सही दिलेली असली तर ठीक, नसली तर बँकेला विचारा.

आता तुमचा मोठा प्रश्न, तांड्यावर कुणीतरी यायचा. सगळ्यांना वाटतं मशीन वर नेलं की झालं. मशीन माझ्या पर्समध्ये मावतं हो. अडतं ते रोकडीपाशी. चाळीस जणांचे 1500 धरले तर 60,000 रुपये झाले. ते आधी माझ्या खिशातले जातात, मग ग्राहकाच्या खात्यातून माझ्या खात्यावर येतात, मग ते काढायला मी परत शाखेत. हप्ता पडला त्या दिवशी शाखेतच कॅश नसते, मला कुठून देणार. आणि 60,000 रुपये पर्समध्ये घेऊन बाई माणसानं स्कूटीवर घाट चढायचा, हे कुठल्या पुस्तिकेत लिहिलेलं नसतं. जे बीसी वाड्या-तांड्यांवर जायचं बंद करतात ते आळशी असतात म्हणून नाही, रोकड आणि भीती या दोन गोष्टींनी बंद करतात.

यावर माझ्या भागात जे चाललं ते सांगते. तांड्यावर किराणा दुकान आहे ना? पिठाची गिरणी, दूध डेअरी? त्यांच्याकडं रोकड असते आणि तीच भरायला ते खाली जातात. मी जायच्या दिवशी त्यांना सांगून ठेवते, पैसे माझ्याकडं भरा. त्यांचे पैसे त्यांच्या खात्यावर जातात, नोटा माझ्या हातात राहतात आणि त्याच मी म्हाताऱ्यांना देते. तांड्याची रोकड तांड्यातच फिरते, मला वर न्यावी लागते ती थोडी. दसऱ्याच्या आधी मुकादम ऊसतोडीची उचल (आगाऊ पैसे) वाटतात तेव्हा तर उलटंच असतं, लोकांच्या घरात रोख पडलेली असते आणि ती सांभाळायची चिंता असते. त्या आठवड्यात काढणाऱ्यांपेक्षा भरणारे जास्त.

दिवस ठरलेला पाहिजे, पण हप्ता पडतो त्याच दिवशी नको, दोन-चार दिवस जाऊ द्यायचे. दवंडी द्यायची नाही, घरोघर लेकराकडून निरोप द्यायचा. नेटवर्क कुठं येतं ते आधी बघून ठेवायचं, कारण मशीन बिननेटचं चालत नाही. आमच्याकडं एका वाडीवर फक्त पाण्याच्या टाकीखाली रेंज येते, तिथंच सतरंजी टाकून बसते. तुमच्या शाळेच्या ओट्यावर येत असेल तर निम्मं काम झालं.

—

जिंतूरकर:

ताईंनी छान लिहिलंय, पण एक राहिलं. पैसे बरोबर खात्यात आले, अंगठाही उमटला, आणि तरी निघत नाहीत, अशीही एक तऱ्हा आहे. ती म्हणजे होल्ड, बँकेनं खात्यातले पैसे अडवून ठेवणं.

माझ्या वडिलांचं पीककर्ज थकलेलं. तीन वर्षं सोयाबीन काय भावानं गेलं सगळ्यांना माहीत आहे. आईचं नाव सातबाऱ्यावर, कर्जाला ती जामीनदार. बँकेनं दोघांच्या सेव्हिंग खात्याला होल्ड लावला. त्यात आईचे श्रावणबाळचे पैसे अडकले, अतिवृष्टीचं अनुदानही अडकलं. साहेबांना भेटलो तर म्हणाले, "कर्जाचं नवंजुनं करा, होल्ड निघतो." म्हणजे म्हातारीच्या औषधाच्या पैशावर बसून वसुली. चिडून बोललो तर वॉचमन आला मधे.

मग एका वकील मित्रानं सांगितल्याप्रमाणं केलं. अतिवृष्टीच्या मदतीच्या शासन निर्णयात स्पष्ट लिहिलेलं असतं की ही रक्कम बँकेनं कर्जात वळती करू नये. त्या निर्णयाची प्रिंट, पासबुकाची झेरॉक्स आणि अर्ज. अर्जात एकच मागणी: "शासकीय अर्थसाहाय्याच्या रकमेवरील होल्ड काढावा, अथवा होल्ड कोणत्या आदेशान्वये लावला ते लेखी द्यावे." प्रती तहसीलदारांना आणि जिल्ह्याच्या लीड बँक (जिल्ह्यातल्या बँकांचा मेळ घालणारी बँक) मॅनेजरला. लेखी द्यायची वेळ आली की साहेब मऊ होतात. अनुदान निघालं, श्रावणबाळचेही निघाले. कर्ज आहे तसंच आहे, ते आम्ही बुडवणारही नाही.

मास्तर, तुमच्या याडीच्या नावावर जमीन असेल तर हेही बघून घ्या.

—

जुना माणूस:

हे सगळं वाचून डोकं गरगरलं. आमच्या वेळी पोस्टमन मनीऑर्डर घेऊन दारात यायचा, अंगठा घ्यायचा, पैसे द्यायचा. झालं. आता आधार, मॅपर, ओटीपी. सुधारणा म्हणायची का ही?

—

बीसी सखी, धारूरकडची:

काका, पोस्टमन दारात यायचा हे खरं. पण माझ्या चुलत आजीच्या पैशातून कोण कोण दहा-दहा उचलायचं तेही आम्ही बघितलंय. मधले हात कमी झाले यात वाद नाही. पण शेवटचा हात, दारात येऊन पैसे देणारा, तोही त्यांच्याबरोबर गेला. तेवढा परत पाहिजे.

—

डाकसेवक, हिंगोली:

पोस्टमन अजून येतो काका, बोलवा तरी! मी ग्रामीण डाक सेवक आहे. पोस्ट पेमेंट बँक 1 सप्टेंबर 2018 ला सुरू झाली तेव्हापासून आमच्याकडंही मोबाईल आणि अंगठ्याचं मशीन आहे. खातं पोस्टातच पाहिजे असं नाही, कुठल्याही बँकेतलं आधार जोडलेलं खातं चालतं. एका वेळेस 10,000 पर्यंत काढता येतात. आणि मास्तर, तुमच्या आजोबांसाठी खास: आता आमच्याकडं चेहऱ्यावरूनही व्यवहार सुरू झालाय. तुमच्या भागातल्या पोस्टमास्तरला विचारा. चेहरा घेताना पागोटं जरा वर सरकवायचं आणि उजेडाकडं तोंड करायचं, एवढंच.

अडचण तीच, ताई म्हणतात ती. ब्रँच पोस्ट ऑफिसात रोकड ठेवायला मर्यादा असते, जास्त लागली तर वरच्या ऑफिसला आदल्या दिवशी मागणी करावी लागते. तांड्यातून किती जणांना किती पाहिजेत याचा आकडा कुणी आधी कळवला तर मी घेऊन जातो. न कळवता पंधरा म्हाताऱ्या एकदम आल्या तर मी कुठून आणू? मास्तरांसारखा माणूस आकडा कळवायला असेल तर सोपं आहे.

—

कोयत्याचं पोरगं:

मी ऊसतोड कुटुंबातला, सध्या अंबाजोगाईला शिकतो. आईबाप कर्नाटकात फडावर आहेत. दोन गोष्टी सांगतो.

फडावरून पैसे निघतात. अंगठ्याचं मशीन कर्नाटकातही तेच आहे, आपली बँक यादीतून निवडायची. आई लाडकी बहीणचे तिकडंच काढते. पण केवायसी आली की सगळं ठप्प. 2025 ला लाडकी बहीणला ई-केवायसी लावली, तिचा ओटीपी बापाच्या मोबाईलवर, बाप ट्रॅक्टरवर कारखान्याच्या रांगेत, फोन बंद. रात्री दोन वाजता खेप खाली करून आला तेव्हा ओटीपी कधीचा संपलेला. म्हणून निघायच्या आधी, नवरात्रातच, आधारला मोबाईल कुणाचा आहे ते बघून घ्या आणि शक्यतो बाईचा स्वतःचा जोडा. याच दिवसात तांड्यावर माणसं सापडतात, नंतर पाडव्यापर्यंत कुणी नाही.

दुसरं, ताई म्हणाल्या तो 20 रुपयाचा विमा ऊसतोडवाल्यांनी काढलाच पाहिजे. अपघाती मृत्यूला 2 लाख आहेत. बैलगाडी उलटते, ट्रॉलीखाली माणूस जातो, विहिरीत पाय घसरतो. आमच्या टोळीतला एक जण गेला तेव्हा त्याच्या बायकोला माहीतच नव्हतं की खात्यातून विमा कटत होता. पासबुकात 20 रुपयाची एंट्री दिसली म्हणून क्लेम करता आला.

—

वस्तीचा मास्तर:

सगळ्यांचे आभार. याडीच्या पेटीत कार्ड नाही सापडलं, पण लेकाला फोन लावून ओटीपी घेतला. मॅपरला वेगळ्याच बँकेचं नाव आहे, खाली बाजाराच्या गावात तिची शाखा आहे. याडी म्हणते मी तिथं कधी पायसुद्धा ठेवला नाही. सोमवारी घेऊन जातो. जिंतूरकर, जमीन नाही तिच्या नावावर, त्यामुळं होल्डचं भय नाही.

दुकानदाराशी बोललो. "मास्तर, तुम्ही शाळा सांभाळा," म्हणाला. बाईला पोस्टाचं सांगितलंय.

ताई, किराणा दुकानाची युक्ती डोक्यात बसली. इथं दुकानं दोन आहेत आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण पैसे भरायला खाली जायचा कंटाळा दोघांनाही आहे. आता फक्त एवढं सांगा, ग्रामसभेचा ठराव घ्यायचा तर कुणाच्या नावानं, आणि "गावात पॉइंट आहे" याला उत्तर काय द्यायचं?

—

बीसी सखी, धारूरकडची:

ठराव लीड बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाच्या नावानं. प्रत तहसीलदारांना आणि उमेदच्या (बचत गटांचं सरकारी अभियान) तालुका कक्षाला, कारण नवीन बीसी सखी नेमायची झाली तर नाव त्यांच्याकडून जातं. तांड्यातलीच बारावी झालेली एखादी सून असेल तर तिचंच नाव सुचवा, बाहेरचा बीसी चार महिन्यांत गळतो. तिच्या घरचे उसाला जाणारे नसावेत हे मात्र बघा.

"गावात पॉइंट आहे" याचं उत्तर अंतरात आहे. पाच किलोमीटरच्या आत बँकेची सोय असावी असा सरकारचा निकष आहे, आणि तो नकाशावर मोजतात. जन धन दर्शक म्हणून ॲप आहे, त्यात बघा, तुमच्या तांड्याजवळ ठिपका दिसेल. नकाशावर सरळ रेषेत तो जवळच आहे, पण माणूस काही कड्यावरून उडी मारून जात नाही. म्हणून ठरावात महसुली गावाचं नाव टाकून थांबू नका. तांड्याचं नाव वेगळं लिहा, घरं किती ते लिहा, पॉइंटपर्यंत रस्त्यानं किलोमीटर किती ते लिहा, एसटी येते की नाही ते लिहा, आणि श्रावणबाळ, संजय गांधी, लाडकी बहीण, रेशनच्या धान्याऐवजी माणशी 170 रुपये येणारी केशरी कार्डं, असे सगळे मिळून महिन्याला तांड्यावर किती पैसे उतरतात त्याची बेरीज लिहा. बँकेला दया येत नाही गुरुजी, व्यवहार दिसला की ती येते. तुम्ही शाळेच्या वहीत तासाभरात बेरीज काढाल.

ठरावाच्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का आणि तारीख घ्या. तालुक्याच्या बँकर्स समितीची बैठक असते, तिथं तहसीलदारांमार्फत विषय ठेवायला सांगा. आणि तोवर डाकसेवक दादांनी सांगितलं तसं करा: हप्ता पडला की कुणाला किती पाहिजेत याची चिठ्ठी तुमच्या पोस्टमास्तरकडं आदल्या दिवशी पाठवून द्या.